तिथले साहेब कसे असतात?

आमच्या गोंदियाला लष्करी परंपरा आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी आपशिंगे' म्हणूनच ओळखतात; पहिल्या महायुद्धापासून त्या गावाच्या घराघरांतून माणसे सैन्यात गेली. आमच्याकडे तसे काही नाही. आमच्याकडे धान पिकते, जंगलात तेंदूपत्ता तोडला जातो, विड्या वळल्या जातात, आणि ज्यांना यातून सुटायचे असते ते रेल्वेत नोकरी शोधतात. आमच्या धर्मग्रामातील जुन्या कुटुंबांपैकी काही रेल्वेमुळेच येथे येऊन स्थिरावली. सैन्य आम्ही पाहिले ते फलाटावरून. मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन असल्याने लष्करी गाड्या येथे थांबत. १९७१ च्या हिवाळ्यात अशा एका गाडीतील जवानांना चहा देण्यासाठी गावच्या मंडळींबरोबर आम्हीही किटली घेऊन उभे राहिलो होतो. आमची लष्करसेवा ती एवढीच.

अलीकडे मात्र चित्र पालटले आहे. पहाटे फाटकाबाहेर यावे तो अंधारात मुलांचे घोळके धावताना दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी अग्निवीर होण्यासाठी. सोळाशे मीटर किती मिनिटांत झाले, हाच त्यांच्या बोलण्याचा विषय. त्या घोळक्यात आमच्या भाच्याचा मुलगाही आहे. दोन एकर धानावर तिघा भावंडांचे भागणार नाही, हे त्याला बारावीतच कळून चुकले. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याच्या आईने आम्हाला बाजूस घेतले आणि हळू आवाजात विचारले, "मामाजी, तुम्ही पुस्तकं वाचता. तिथले साहेब लोक कसे रायतेत? पोराला माणसासारखं वागवतेत ना?"

तिने पगार विचारला नाही, सीमेवरच्या गोळीबाराची भीतीही बोलून दाखविली नाही. तिला साहेबाची चौकशी करायची होती. मुलगी देताना आपण सासूची चौकशी करतो, त्यातलाच हा प्रकार. उत्तर लांबलचक होते, म्हणून त्या दिवशी आम्ही 'सवडीने सांगतो' म्हणालो. ती सवड येथे काढीत आहोत.

मराठी माणसाला या विषयाचा आरंभ लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्यापासून करावा लागतो. कोल्हापूरकडचे हे गृहस्थ सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे होते: तिमय्या, सेन आणि थोरात. हिंदी माणसाला पलटण चालविता येईल का, अशी शंका त्या काळी अनेक इंग्रज अधिकारी उघडपणे बोलून दाखवीत. कांगॉनंतर ती शंका मावळली, तिघांनाही डी. एस. ओ. हे शौर्यपदक मिळाले.

परंतु भाचेसुनेला सांगण्यासारखी थोरातांची गोष्ट कोरियातली आहे. १९५३ मध्ये युद्धविराम झाल्यावर, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय फौजेकडे सोपविण्यात आला. तिचे प्रमुख थोरात होते. एके दिवशी प्रक्षुब्ध चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला तारेच्या कुंपणाआड ओढून नेऊन ओलीस धरले. बाहेर सशस्त्र जवान सज्ज होते. हुकूम सुटला असता तर रक्ताचे पाट वाहिले असते, आणि मेजरही वाचला नसता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांनिशी त्या खवळलेल्या जमावात आत शिरले, कैद्यांशी बोलत राहिले आणि एकही गोळी न झाडता मेजरला घेऊन बाहेर आले. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, हा सन्मान मिळाला. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात. आपल्या हाताखालच्या माणसासाठी स्वतः आत जाणारा असा साहेब कुणाच्याही मुलाला मिळावा.

आता त्याच थोरातांची दुसरी बाजू. १९५७ ते १९६१ या काळात ते पूर्व विभागाचे सेनापती होते आणि त्यांचे मुख्यालय लखनौला होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी सविस्तर अहवाल वरिष्ठांना पाठविला. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' या नावाने एक युद्धसराव घेऊन त्यांनी तेच पुन्हा मांडले. मुद्दा असा की, चीनशी संघर्ष झाल्यास अगदी सीमारेषेवरच्या चौक्या टिकणार नाहीत. तेथवर रस्ते नाहीत, रसद पोहोचत नाही. म्हणून पुढे केवळ पहारा ठेवावा आणि खरी लढाई मागे, जेथे आपली रसद पोहोचेल आणि शत्रूची रसद लांबून तुटण्याच्या बेतात येईल अशा ठिकाणी, द्यावी. हे सांगताना आपल्याजवळ काय नाही याचा हिशेबही त्यांनी समोर ठेवला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हे सारे उगाच घाबरविणे वाटले, असे थोरातांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. १९६१ मध्ये सेनाप्रमुख तिमय्या निवृत्त होताना त्यांनी आपल्या जागी थोरातांचे नाव सुचविले होते. शासनाने प्राणनाथ थापर यांची निवड केली. थापर हेही ज्येष्ठ अधिकारी होते, तेव्हा नियम मोडला असे कुणी म्हणू शकत नाही. थोरात निवृत्त झाले आणि लखनौची ती कागदपत्रे धूळ खात पडली.

वर असलेल्याला नको असलेले सत्य सांगणे हे समोरच्या शत्रूवर चालून जाण्याहून अवघड असावे. शत्रूवर धावून जाणाऱ्याला पदक मिळते. साहेबाला 'आपला बेत चुकीचा आहे' असे सांगणाऱ्याला काय मिळते, हे त्या वर्षांत सर्वांनी पाहिले. १९५९ च्या ऑगस्टअखेरीस खुद्द तिमय्यांनी राजीनामा दिला होता. बढत्यांतील हस्तक्षेप हे त्यामागचे एक कारण होते. पंडित नेहरूंनी समजूत घातल्यावर त्यांनी तो मागे घेतला, आणि मग संसदेत त्यांच्या त्या कृतीवर टीका झाली. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचे प्रमुख सॅम माणेकशा यांच्या स्पष्टवक्तेपणाबद्दल तर देशनिष्ठेचा प्रश्न काढून चौकशी मांडण्यात आली. तीतून ते निर्दोष सुटले. इतर अधिकाऱ्यांनी यातून काय बोध घेतला असेल, हे वाचकांना सांगायला नको.

त्या बोधाची किंमत नामका चू नावाच्या एका डोंगरी नदीच्या काठी चुकती झाली. तेथील सातव्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी. या नावाकडे आमच्यासारख्याचे लक्ष न गेले तरच नवल! मुंबईच्या सेंट मेरीज शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेला हा अधिकारी. सप्टेंबर-ऑक्टोबर १९६२ मध्ये त्याला आज्ञा झाली की थागला डोंगरावरून चिन्यांना हुसकावून लावा. चिनी वर, आपले जवान खाली नदीकाठी. अंगावर उन्हाळी सुती कपडे, जवळ मोजका दारूगोळा, आणि विमानातून टाकलेल्या रसदीपैकी बरीच दऱ्याखोऱ्यांत नाहीशी होत होती. हे अशक्य आहे, असे दळवींनी वर कळविले. त्यांच्या वरचे कोअर कमांडर उमरावसिंग यांनीही तेच कळविले, तेव्हा ती जबाबदारीच त्यांच्याकडून काढून घेण्यात आली आणि नव्या चौथ्या कोअरवर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांची नेमणूक झाली. कौल हुशार होते, कामाचा झपाटा दांडगा होता, दिल्लीत वजन होते. युद्धात पलटण चालविल्याचा अनुभव मात्र नव्हता. ऑक्टोबरच्या मध्यास ते आजारी पडून दिल्लीला गेले आणि अंथरुणावरूनच हुकूम देत राहिले. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि काही तासांतच ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. दळवी कैद झाले. मे १९६३ मध्ये परतले. १९६९ मध्ये त्यांनी या साऱ्यावर पुस्तक लिहिले आणि त्यात स्वतःलाही सोडले नाही.

दळवींनी काय करायला हवे होते, हा प्रश्न आम्हाला अनेक वर्षे छळतो आहे. आज्ञा मोडावी तर शिस्त राहत नाही. पाळावी तर शेकडो मुले जिवानिशी जातात. राजीनामा द्यावा, तर ऐन रणात आपल्या माणसांना टाकून गेल्याचा दोष येतो. शुभवर्तमानातील शताधिपतीला आपण अधिकाराखालचा माणूस आहोत आणि आपल्या हाताखालीही माणसे आहेत याची पुरती जाणीव होती. आपल्या आजारी चाकरासाठी तो स्वतः विनवणी करायला गेला. तो ज्याच्याकडे गेला त्याने ऐकून घेतले. दळवींचे ऐकून घेणारे कुणी नव्हते. खालच्याच्या धैर्याबद्दल आपण नेहमी बोलतो. वरच्याच्या कानाबद्दल फारसे बोलत नाही. आमच्या मते १९६२ चा पराभव बंदुकांच्या तुटवड्याइतकाच या बंद कानांचा होता.

कान उघडण्याचे काम एका मराठी माणसाच्या वाट्याला आले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपद स्वीकारले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपल्याकडे इतके घासले गेले आहे की त्याआड चव्हाणांनी प्रत्यक्ष काय केले ते दिसेनासे झाले. त्यांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांना आणि सचिवांना नियमितपणे सकाळी एकत्र बसविण्याची पद्धत पाडली. म्हणजे जे बोलायचे ते सर्वांसमक्ष. सैनिकी निर्णय सैनिकांनी घ्यावेत, बढत्यांत मंत्र्याचा हात नसावा, अशी भूमिका ठेवली. पराभवाच्या चौकशीतील निष्कर्षांचा गोषवारा २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत मांडला. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता, सेनापतींची कुवत, असे सारे त्यात होते. कौलांच्या जागी चौथ्या कोअरवर गेले ते माणेकशा. ज्यांच्या निष्ठेची वर्षभरापूर्वी चौकशी चालली होती तेच! भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दारूगोळ्याचा जो कारखाना उभा राहिला, तोही १९६२ नंतरच्या सैन्यविस्ताराचाच भाग. आमच्या भागातील कितीतरी घरांत त्या कारखान्याचा पगार आला. आणि १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले, तेव्हा सेनाप्रमुख जनरल चौधरींनी विमानांची मदत मागताच चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला. ऐकून घेणे आणि वेळेवर ठरविणे, दोन्ही त्यांना साधले होते.

एवढा इतिहास ऐकून आमची भाचेसून म्हणेल, "मामाजी, माझ्या पोराची गाठ जनरलशी कुठं पडनार?" तिचे म्हणणे खरे आहे. आमच्या धर्मग्रामात कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. त्यांना आम्ही हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "शिपायाचा सेनापती म्हणजे त्याचा नाईक आणि हवालदार. त्याच्या वर सुभेदार. लेफ्टनंट साहेब येतात नि जातात, पण आम्ही त्यांनाही पारखतो. लांब चाल झाल्यावर जवानांच्या पायांचे फोड स्वतः बसून बघतो तो साहेब. लंगरात येऊन आमची भाजी चाखतो आणि तोंड वाकडं करत नाही तो साहेब." देहरादूनच्या अकादमीत १९३२ पासून प्रत्येक अधिकाऱ्याच्या मनावर बिंबविले जाते की देश आधी, जवान नंतर आणि स्वतः सर्वांत शेवटी. सुभेदारांची कसोटी त्याच शिकवणीची लंगरातली आवृत्ती होती.

सारेच त्या कसोटीला उतरत नाहीत. सैन्यात 'सहायक' नावाची जुनी पद्धत आहे. अधिकाऱ्याचा गणवेश, शस्त्र, निरोप सांभाळणारा जवान, असा तिचा मूळ अर्थ. पुढे काही ठिकाणी त्याच्या हाती साहेबाच्या घरचे कुत्रे आणि मुलांची दप्तरे आली. नौदल आणि वायुदलात ही पद्धत नाही. संसदेच्या स्थायी समितीनेही ती बंद करण्याची शिफारस केली होती. २०१७ मध्ये या विषयावर छुप्या कॅमेऱ्याने चित्रित केलेली जवानांची बोलणी प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या नाशिकजवळच्या देवळाली छावणीत एका केरळी जवानाचा मृतदेह आढळला. मुंबईतील आदर्श सोसायटीचे प्रकरण २०१० मध्ये उघडकीस आले, तेव्हा सभासदांच्या यादीत माजी सेनाप्रमुखांची नावे निघाली. त्याविषयी अधिक लिहिण्यात आम्हाला गोडी नाही. ज्याने स्वतःला सर्वांत शेवटी ठेवायचे, तो रांगेत पुढे उभा दिसला एवढेच.

आपल्या घरांतून हल्ली आणखी एक शंका विचारली जाते. शीख जवानांच्या तुकडीवर नेमलेला एक ख्रिस्ती लेफ्टनंट पलटणीच्या मंदिर-गुरुद्वाऱ्याच्या आवारापर्यंत जवानांबरोबर जाई, पण गाभाऱ्यात जाण्यास त्याने नकार दिला. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ती कारवाई उचलून धरली. 'मग आपल्या मुलांनी जावे का?' असे एका आईने आम्हाला विचारले. आमचे मत स्पष्ट आहे. जवान ज्या देवाचे नाव घेऊन मृत्यूला सामोरा जातो, त्या देवापाशी त्याच्याबरोबर आदराने उभे राहिल्याने आपली श्रद्धा उणी होत नाही. साहेबाने आपल्या माणसांपासून वेगळे दिसू नये, हे न्यायालयाचे म्हणणे आम्हाला पटते. तरीही मनात एक कुरकूर उरते. अधिकारी २०१७ चा, बडतर्फी २०२१ ची. एवढ्या अवधीत हा गुंता सोडवू शकेल असा एकही वडीलधारा वरिष्ठ त्याला भेटला नसेल का? कोरियातल्या त्या कुंपणात शिरलेला माणूस येथे असता तर कदाचित चहाच्या एका पेल्यावर प्रश्न मिटला असता. कदाचित नसताही मिटला.

आपल्या समाजाचे जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ या काळात सेनाप्रमुख होते, याचा अभिमान आपण बाळगतोच. १९९२ मध्ये त्यांच्या एका वृत्तपत्रीय मुलाखतीवरून संसदेत गदारोळ झाला होता, हे मात्र आपण विसरतो. सैनिकाने खरे बोलायचे ते कोठे, तर बंद दाराआड, ज्याने ठरवायचे त्याच्यासमोर. चव्हाट्यावर नव्हे, हा लोकशाहीचा दंडक आहे. पण म्हणूनच बंद दाराआड ऐकून घेणारा कान हवा. तो नसला की बोलणे एक तर मरते, नाही तर वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत जाते. २०१२ मध्ये तर खुद्द सेनाप्रमुख आपल्या जन्मतारखेच्या वादावरून सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले!

अग्निपथ योजनेबद्दल आमची काळजी याच धाग्याची आहे. १४ जून २०२२ रोजी ती जाहीर झाली. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार, उरलेले घरी येणार. सैन्य तरुण राहील, खर्च आवरेल, असे समर्थक सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही. आमचा प्रश्न सुभेदारांच्या भाषेतला आहे. नाईक आणि हवालदार वर्षानुवर्षांच्या सहवासातून घडतात. कुणाची आई आजारी आहे, कुणाला उंचीवर धाप लागते, हे त्यांना पाठ असते. चार वर्षांनी कुणाला ठेवायचे आणि कुणाला घरी धाडायचे, हे गुणांच्या तक्त्यावर ठरणार असेल, तर शेजारच्या खाटेवरचा सोबतीच स्पर्धक होतो. 'साहेब, हे चुकते आहे' असे म्हणण्याची हिंमत त्या चार वर्षांत कोण करील?

हे सारे आम्ही भाचेसुनेला सांगितले. थोडे गाळून, थोडे तिच्या बोलीत. मुलाने मध्येच विचारले, "आजोबा, लेखी परीक्षेत हे येते का?" येत नाही, म्हणालो.

सुभेदार मात्र गंभीर होऊन ऐकत होते. नामका चूच्या चौकशीचा मूळ अहवाल लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ मध्ये सादर केला. २०१४ मध्ये एका विदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग उघड केला, पण सरकारने तो आजवर प्रसिद्ध केलेला नाही, हे त्यांना आमच्याकडून कळले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे थोरात साहेबांनी काय सांगितलं होतं अन् ते कोणी ऐकलं नाही, हे शिकणाऱ्या पोरांना सरकारी कागदातून कळायचंच नाही?" आम्ही कपाटातून थोरातांचे आत्मचरित्र काढून त्यांच्या हाती दिले. पुस्तक नेल्याला तीन आठवडे झाले. अजून परत आलेले नाही.